खाली घर

बायजाबाई उईकेंनी एकतीस वर्षांत किती झाडं वाढवली, हे वनखात्यालाही सांगता येणार नाही. सौंदडजवळच्या सरकारी रोपवाटिकेत त्या रोजंदारीवर होत्या. काळ्या पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचं, झारीनं पाणी घालायचं. रोप हातभर झालं की पावसाळ्याच्या तोंडाशी ट्रक यायचा आणि सगळी रोपं घेऊन जायचा. त्या दिवशी बाई रिकाम्या वाफ्यांवरही झारी फिरवायच्या. सोबतच्या बाया चिडवायच्या, "काऊन वं बायजे, पोरगी सासरी चालली का?"

"पोरगी मायेरी त येते," बाई म्हणायच्या.

त्यांना एक झाड हवं होतं. मोहाचं. स्वतःच्या जागेत लावलेलं, ज्याच्याखाली पहाटे बसून फुलं वेचता येतील असं. लाखभर रोपं वाढवणाऱ्या बाईला एक झाड मिळू नये, ही हसण्यासारखीच गोष्ट आहे, पण झाडाला जमीन लागते आणि बाईंचा सगळा संसार भाड्याच्या खोलीत झाला होता. नवरा लवकर गेला. मुलगी खुशबू मात्र शिकली आणि गोंदियाच्या एका दवाखान्यात नर्स झाली.

दोघींनी पै-पै साठवून गेल्या वर्षी भैयालालचं घर पाहिलं. भैयालाल म्हणजे गावातले जुने कास्तकार. मुलगा हिमांशु गोंदियात दुकान टाकून बसलेला, आता म्हाताराही तिकडेच जाणार होता. खुशबू भिंतींची ओल बघत होती, नळाला पाणी येतं का बघत होती. बाई मात्र सरळ मागच्या दारानं बाडीत गेल्या. घरामागची ती मोकळी जागा पार तलावाच्या पाळीपर्यंत गेलेली. बाईंनी चप्पल काढली, मूठभर माती उचलून बोटांनी चुरली आणि तिथूनच ओरडल्या, "खुशबू, घर चांगलं आहे!" घराकडे तेव्हा त्यांची पाठ होती.

सौदा सहा लाखांत ठरला. घराच्या दोन खोल्यांत त्या वेळी भाडेकरू राहत होता. त्याचं काय, असं बाईंनी विचारल्यावर भैयालाल म्हणाले, "त्याले काढतो ना. खाली घर देईन तुमाले." इसारपत्रातही त्यांनी तेच शब्द घालायला लावले : 'खाली घराची किंमत सहा लाख रुपये.' बाडीचा वेगळा उल्लेख नव्हता, कारण गावात घर म्हटलं की बाडी आलीच. बाईंनी एक लाख इसार दिला, सही केली आणि त्या दिवसापासून त्या मनानं बाडीतच राहायला गेल्या.

तीन महिन्यांनी भाडेकरू निघाला. त्याच सुमारास घरासमोरचा रस्ता रुंद होणार, जागांचे भाव चढणार अशी बातमी आली आणि तिच्यामागोमाग मोटरसायकलवर हिमांशु आला. त्यानं इसारपत्रावर बोट ठेवलं. "काकी, पढ़ लो. खाली घर. मतलब सिर्फ घर. बाडीचे दोन लाख अलग द्यावे लागतील."

गोंदियाकडची गंमतच आहे ही. हिंदीच्या शेजारामुळे इकडे खाली म्हणजे रिकामं आणि खाली म्हणजे फक्तसुद्धा. 'खाली कप' म्हटलं तर चहा नव्हता आणि 'खाली चहा' म्हटलं तर बिस्किट नव्हतं. दोन्ही अर्थ गावात सुखानं नांदत होते, आता रस्त्यानं त्यांच्यात भांडण लावलं.

आणखी दोन लाख कुठून आणणार? वकील म्हणाला, केस लढता येईल, पण आठ-दहा वर्षं धरून चाला. खुशबू लढायला तयार होती. बाई म्हणाल्या, आधी म्हाताऱ्याला विचारू.

दोघी भैयालालच्या ओसरीत जाऊन बसल्या. हिमांशु होताच. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाऊ, तुमीच सांगा. खाली म्हणलं तवा तुमच्या मनात का होतं?"

भैयालालनी मुलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. चष्मा काढून धोतराला पुसला. ज्याच्या वाडवडिलांनी गावासाठी तलाव बांधले, त्या माणसाला एक वाक्य बोलता येईना. उद्यापासून ज्याच्या घरी जेवायचं, त्याच्यासमोर खरं बोलायला फार बळ लागतं.

"मले आता आठवत नाई, बाई," ते म्हणाले.

बाईंना राग आला, चांगलाच आला. पण समोर मागचं दार उघडं होतं आणि त्यातून बाडी दिसत होती. कोर्टात दहा वर्षं गेली तर झाड कधी लावायचं? वयाची साठी तर उलटून गेली होती.

"मंग घर ठेवा तुमी," त्या म्हणाल्या. "मले खाली बाडी द्या."

हिमांशु गोंधळला. "खाली बाडी? मतलब?"

"दोनी मतलब."

दोन लाखांचा आकडा त्यानंच सांगितलेला. शिवाय रस्त्याकडचं घर परत हातात येत होतं. त्याला आनंद लपवता येईना. येण्याजाण्याला पाळीवरची पायवाट होती. दिलेला इसार किमतीत धरला आणि सौदा पुन्हा झाला.

खुशबू मात्र वाटेत रडली. "तू राहशीन कोठी, आई? मी घरासाठी राबून राहिली होती. तुले झाडच पायजे होतं त आधी सांगाचं ना!" पोरीचं खरं होतं आणि ते बाईंना आत कुठेतरी लागलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी बाईंनी लिहिणाऱ्याला बजावलं, "यात खाली हा शब्द नोको." सह्या झाल्या. हिमांशु मोटरसायकल काढायला गेला तेव्हा भैयालाल बाईंजवळ आले. "आठवते मले, बाई. रिकामं घर म्हणलो होतो मी."

"मले त तवाच मालूम होतं, भाऊ," बाई म्हणाल्या.

बाई अजून भाड्याच्या खोलीतच राहतात. रोज सकाळी पाण्याची कॅन घेऊन पाळीवरून बाडीत जातात. परवा रविवारी खुशबू आली आणि मोहाच्या गुडघाभर रोपाशेजारी उकिडवी बसली.

"आई, याले फुलं यायले दहा-बारा वर्सं लागतेत. तवा तू राहशीन का?"

बाईंनी कॅन खाली ठेवली. "नाई राहीन त नाई राहीन," त्या म्हणाल्या. "पर याले कोनी नेनार नाई."