आमच्या गावाचं स्थलांतर निरंक

धुळ्याच्या स्टँडवर सुरतच्या एसटीत पोरांना बसवताना बाकीच्यांच्या आया डोळे पुसत होत्या. माझी माय खिडकीला लटकून दम देत होती, "जाय भाऊ, पन रेशनकार्डवरनं नाव काटू देवानं नही." माणूस गेला तर परत येतो, नाव गेलं की मेलाच, असा तिचा हिशेब.

सहा वर्षं झाली. मी सुरतेत कापडाच्या लूमवर. गावात कुणी कागद घेऊन आलं की माय सांगते, "पोऱ्या वावरमा गयेल शे." दीड एकराच्या वावरात सहा वर्षं काय करतोय, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

मग स्थलांतराचा अभ्यास करणारे साहेब आले. कधी? आखाजीला! ज्या सणाला नाशिक-सुरतेला गेलेलं बठ्ठं म्हणजे सगळं गाव परत येऊन झोके बांधतं, त्याच दिवशी हे विचारत फिरले, बाहेर कोण गेलंय. रविवारी शाळेत जाऊन पोरं मोजायची अक्कल! नाकातून विचारलं, "काऽयम वास्तव्य इथेच नाऽ?" ही नक्कल मी सुरतच्या खोलीत करतो तेव्हा पोरं गडाबडा लोळतात.

माय सांजोऱ्या तळत होती. "बठ्ठा आठेच शेतस," म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं की झारा कढईत होता म्हणून वाचलो. एरवी माझं तोंड बंद होत नाही. मी म्हणालो, "हो साहेब, इथंच." साहेबांनी टॅबवर बोट मारलं. निरंक.

सुरतेतही मोजणी झाली. सात जणांच्या खोलीत मालकानं दोघंच लिहून दिले. त्या दोघांत मी नाही. म्हणजे मी फक्त गावात.

श्रावणात साहेबांचा फोन आला, खात्री करायला.

"गावातच आहात ना? मागे आवाज कसला?"

"थ्रेशर, साहेब."

भर पावसात थ्रेशर! साहेब म्हणाले, "धन्यवाद." असल्या आकड्यांवर पुस्तकं निघतात म्हणे. निघू द्या.

गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारखे निघालेल्यांनो, हसा खुशाल. पण घर म्हटलं की मला आता ना ओटा आठवतो ना झोका. माझ्यासाठी रोज न चुकता खोटं बोलणारी एक बाई आठवते.

साहेबांना माझा नंबर तिनंच दिलेला, म्हणून त्यांच्यानंतर लगेच तिचा फोन.

"नाव ऱ्हायनं ना रे भाऊ?"

"ऱ्हायनं, माय."

"मंग आते काय करी ऱ्हायना?"

मी थांबवलेल्या लूमचं बटण परत दाबलं.

"वावरमा शे."