पायी आलेली बोदिल

सोरेन्सन घराण्यात बोदिलआजीचं नाव निघालं की प्रत्येकाच्या अंगावर मूठभर मांस चढे. १८५७ साली सहा वर्षांची पोर आईबापांच्या हातगाडीमागून अख्खं माळरान तुडवत युटाच्या या खोऱ्यात आली, याचा टेंभा मिरवल्याशिवाय त्यांची एकही चोवीस जुलै गेली नव्हती. त्यांच्या पंथाचे पहिले लोक या खोऱ्यात पोचले तो हा सणाचा दिवस. दर साली त्याच्या मिरवणुकीत घरातली एक मुलगी बोदिल होऊन हातगाडीमागून चालायची आणि गाव टाळ्या वाजवायचं.

१९६२ साली आजीच्या थडग्यावर नवा दगड बसवायचं ठरलं. त्यावर ‘सहाव्या वर्षी पायी आली’ असं कोरायचं होतं, आणि पाथरवटाला मजकूर सोमवारी हवा होता. तारखा तपासायचं काम आजीची नात नेड्रा हिच्याकडे आलं. नेड्राला या कामाची भारी हौस. एकदा एखादी तारीख हातात धरली की ती सोडायची नाही, म्हणून घरचे तिला जरा टरकूनच असत.

चर्चच्या नोंदीत आजीचा बाप्तिस्मा सापडला, १८६६ सालचा. नेड्रानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. यांच्या पंथात मूल आठ वर्षांचं झालं की बाप्तिस्मा. आजीचा जन्म १८५१चा, मग बाप्तिस्मा पंधराव्या वर्षी?

“राहून गेला असेल,” चुलतभाऊ लावार फोनवर म्हणाला. दगडाचं सगळं तोच बघत होता.

“पणजीच्या हातून? रविवारी गाईलासुद्धा प्रार्थना म्हणायला लावणारी बाई ती!”

तिनं घरचं जुनं बायबल काढलं. आतल्या पानावर पणजोबांनी मुलांची नावं लिहिली होती. त्यात बोदिल दोनदा होती, १८५१ आणि १८५८. पणजोबा विसरभोळे, एकच पोर दोनदा लिहिली, असं म्हणून सगळे हसायचे. पहिल्या नावापुढचा बारीक क्रूस शाईचा डाग समजून सोडून दिलेला. तो डाग नव्हता, मेलेल्याच्या नावापुढे काढायची खूण होती. यांच्यासारख्या जुन्या डॅनिश घरांत मूल गेलं की पाठच्या मुलाला तेच नाव ठेवत. शेजारपाजारच्या वंशावळींत तिनं हे कितीदा पाहिलं होतं, आपल्या घरात मात्र कधी पाहिलंच नाही.

मग आजीचे शब्द आठवले. “बोदिल चालली बरं का, पायाला चिंध्या बांधून चालली.” ‘मी चालले’ असं ती कधीच म्हणाली नाही. म्हातारीला मोठेपणा नको, असं सगळ्यांना वाटे. बिचारी खरं तेच सांगत होती, ऐकणाऱ्यांनीच वडाची साल पिंपळाला लावली.

नेड्रा तडक लावारकडे गेली. तो अंगणात दांडा फिरवत आइस्क्रीम करत होता.

“म्हणजे आपली आजी चाललीच नाही?” सगळं ऐकून तो म्हणाला.

“आजी इथे जन्मली. चालली ती तिची बहीण. ती वाटेतच गेली, इथल्या कुठल्याच नोंदीत ती नाही.”

“कमाल करतेस नेड्रा! चोवीस तारीख तोंडावर आलीय आणि तू आजीला मिरवणुकीतून खाली उतरवतेस? लोक तोंडात शेण घालतील.”

“घालू देत.”

“अगं, त्या पोरीला ना मूल ना बाळ. तिचा दगड आपण का बसवायचा?”

“दुसरं आहे कोण तिला? कुठे पुरलं तेही ठाऊक नाही. तिच्या चालण्यावर आपण इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, लावार. ती मेली म्हणून आईबापांखेरीज कुणी टिपूस गाळलं नाही.”

लावारचा हात थांबला. यंदाची बोदिल म्हणजे त्याचीच नात. खिडकीतून ती दिसत होती, पायघोळ झगा सावरत आरशासमोर गिरक्या घेणारी. लावारचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

“एवढीशीच ना गं?”

“एवढीशीच.”

तो हात पुसत आत गेला आणि त्यानं पाथरवटाला फोन लावला.

“दगड जरा मोठा लागेल,” तो म्हणाला. “दोघी बहिणी आहेत.”