आमच्या वावरातलं महानगर

प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व शिकायला मी पुण्याला गेले, तेव्हा मेडशीकडच्या नातेवाइकांनी मला मोठ्या मनाने माफ केलं. "डीएडले नंबर नाई लागला वाटते पोरीचा," एवढंच म्हणाले. पुढे पीएचडीचं कळल्यावर आत्याने गावभर सांगितलं की आमची पोरगी डॉक्टर होऊन राह्यली, पण मेलेल्या लोकांची. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात माझ्या विषयाचं इतकं नेमकं वर्णन मला कधी सापडलं नाही.

प्रबंधासाठी लांब जायची गरज नव्हती. आमच्या गावाच्या उगवतीला एक पांढरी आहे. म्हणजे होती. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. माणसं राहिली, घरं पडली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, तीही पडली, आणि शेकडो वर्षांची माती एकावर एक साचत गेली. वाशीम ही वाकाटकांची राजधानी, त्यामुळे प्राचीन वैभवाचा अभिमान आमच्याकडे घरटी आहे. अभिमान बाळगायचा आणि टेकाड खणून न्यायचं, ही दोन्ही कामं आम्ही एकाच उन्हाळ्यात उरकतो. पांढरीची माती पिकाला मानवते ना. आजोबांनी ती बैलगाडीने वावरात नेली, बाबांनी ट्रॅक्टरने, आणि जेसीबी आल्यावर तर प्रगतीला धरबंदच उरला नाही.

मी पीएचडीला लागले तोवर टेकाडाचा बैठकीच्या खोलीएवढा कोपरा शिल्लक होता. पण उभा होता. त्याच्या कापलेल्या अंगावर थर दिसायचे: राख, चोपलेली जमीन, चुलीची भाजकी माती, पुन्हा राख. तिथे रीतसर परवानगी काढून एक लहानसा खड्डा घ्यायचा, एवढंच मला आयुष्याकडून हवं होतं. त्यासाठी माझ्या मार्गदर्शक सरांनी एकदा येऊन जागा पाहायला हवी होती.

सर आले. गाडीतून उतरले, टेकाडाकडे पाठ केली आणि थेट वावरात शिरले. पेरणी व्हायची होती, जमीन नांगरून मोकळी पडलेली, आणि तिच्यावर जिकडेतिकडे जुनी खापरं. जिथे खापरं तिथे वस्ती, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. सर चालत गेले तसतसं प्राचीन नगर वाढत गेलं. दुपारच्या आत त्याने नाला ओलांडला, चहाच्या वेळेपर्यंत ते रिसोडच्या रस्त्याला जाऊन भिडलं. "हे खेडं नव्हे, महानगर आहे," सर म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता.

मला मात्र त्या महानगराच्या हद्दी ओळखीच्या वाटत होत्या. ते बरोबर आमच्या भावकीच्या बांधावर संपत होतं. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नव्हता, त्यांच्या वावरात वाकाटकांनी पाऊलही ठेवलं नव्हतं.

तोंड बंद ठेवलं असतं तर सगळंच मिळालं असतं. मोठं उत्खनन, वर्तमानपत्रात फोटो, आणि त्या गडबडीत माझा कोपराही वाचला असता. पण खोट्या नकाशावर खरा प्रबंध कसा लिहायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"सर, ही खापरं इथली नाहीत," मी म्हणाले. "पांढरीच्या मातीबरोबर आली आहेत. आमच्याच ट्रॅक्टरने."

सरांनी हातातलं खापर उलटंपालटं करून पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, मग तर तो कोपरा वाचवलाच पाहिजे. तो एकटाच खरा आहे.

ते म्हणाले, "म्हणजे इथे काही उरलेलंच नाही. एवढ्याशा तुकड्यासाठी परवानगीच्या खटपटी कोण करणार? तुम्ही विषय बदला."

हूणांनाही एखादं शहर इतक्या झटपट उठवता आलं नसतं. महानगर बेचिराख करून सर आमच्या घरी जेवले, आईच्या हातच्या पुरणपोळीची त्यांनी तोंडभरून तारीफ केली आणि गेले. जेवतानाही त्यांनी 'इथे काही उरलेलंच नाही' हे वाक्य पुन्हा उच्चारलं. बाबा त्यांना तूप वाढत होते.

त्याच आठवड्यात मी वाशीमला गेले होते. परतताना एसटीतून उतरले आणि सवयीने उगवतीला पाहिलं, तर तिथे सपाट जमीन. मी धावतच घरी आले. बाबा ओट्यावर हातपाय धूत होते.

"बाबा, कोपरा कुठे गेला?"

"साह्यबच म्हणले ना, काई नाई उरलं म्हून. मंग कायले पडू द्यायचा? येत्या साली तिथं सोयाबीन घेऊ." मग त्यांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे मान वळवली. "पन तुही मेहनत वाया जाऊ नाई देल्ली मी. वावरात नाई टाकली माती. भावकीतले मांगत होते, भांडलो त्याइच्यासंग."

तिथे ताडपत्रीने नीट झाकलेला मातीचा मोठा ढीग होता. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने विटाही ठेवल्या होत्या.

"आता उन्हातानात जायचं काम नाई," बाबा म्हणाले. "घरीच बसून कर अभ्यास."

आमच्या विद्येत मातीत काय सापडलं याला फारशी किंमत नसते. ते कशाच्या खाली आणि कशाच्या वर सापडलं, यातच सगळं असतं. त्या ढिगात राख, चुली, राजवटी, सगळं एकमेकांत कालवलं गेलं होतं. मला भयंकर राग आला. पण मी विषय निवडला तेव्हापासून बाबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि आता ते माझ्यासाठी भावकीशी भांडून आले होते. शास्त्र समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"पुरते ना तुले एवढी?" त्यांनी विचारलं. "कमी पडत असंन तर तळाची खरवडून आनतो."

"पुरते," मी म्हणाले, आणि चाळणी आणायला आत गेले.