शेवंताची दुसरी वाट

रांजणगावच्या एमआयडीसीत पूनम कोळपे अकरा वर्षं तपासणीच्या टेबलापाशी उभी आहे. सुटा भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, चीर दिसली की लाल क्रेटमध्ये टाकायचा. आठ तास नजर ढळू द्यायची नाही. घर न्हावऱ्याला, जाणंयेणं कंपनीच्या बसनं.

ही बाई गोष्ट रचते. तीही अशी, की पुढं काय व्हावं ते ऐकणाऱ्यांनी ठरवायचं.

मोबाइलवरच्या एका गेमवरून तिला ते सुचलं. त्यातल्या राजकन्येनं पळायचं की थांबायचं, हे खेळणारा ठरवतो. पूनमला खेळ आवडला, राजकन्या नाही. तिनं मेंढपाळाच्या घरची शेवंता उभी केली, हरवलेल्या बहिणीच्या शोधात निघालेली. बसमधल्या एकतीस जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. संध्याकाळी पूनम त्यावर प्रश्न टाकायची, खाली दोन पर्याय. बायका मत द्यायच्या. जे जास्त, ते सकाळी बसमध्ये ऐकायला मिळायचं.

म्हणजे दोन्ही वाटा आधी लिहून ठेवायला लागत. एक ऐकवायची, दुसरी वहीतच राहायची. निम्मं काम कुणाला दिसायचं नाही. तिची तक्रार नव्हती.

शेवंता दौंड जंक्शनला पोचली. बहिणीचा एक माग सोलापूरकडं जात होता, एक मनमाडकडं. त्या आठवड्यात पूनमला ओव्हरटाइम लागला. सोलापूरचा भाग लिहून झाला होता, मनासारखा उतरला होता. मनमाडचं पान कोरं. बायका सोलापूरच म्हणतील, असं तिनं धरलं.

बायका मनमाड म्हणाल्या.

सोमवारी सकाळी तिनं शेवंताला मनमाडच्या गाडीत बसवलं. गाडीत एक बाई भेटली, बहीण सोलापूरला असल्याचं म्हणाली. शेवंता काष्टीला उतरून माघारी दौंडला आली आणि सोलापूरची गाडी धरली.

"पूनमे, थांब," सोजराबाई म्हणाली. ती कॅन्टीनला चपात्या लाटते, साठीला आली आहे. "आम्ही मनमाड म्हणलो व्हतो."

"बसली की मावशी मनमाडच्या गाडीत. पर ती बाई भेटली ना."

"भेटली न्हाई. तू नेऊन बसवलीस तिला तिथं. दोन्ही वाटा एकाच बांधावर आणायच्या व्हत्या, तर आमाला इचारलंस कशाला?"

शेजारची नीलम म्हणाली, "मावशी, गोष्ट हाय ती."

"माझ्या लग्नात बी इचारलं व्हतं, पोरगा पसंत हाय का म्हून. तवा पत्रिका छापून आल्या व्हत्या!"

सगळी बस हसली. पूनमला हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी चारच मतं पडली. त्यातलं एक नीलमचं, कीव येऊन दिलेलं. असंच चाललं तर आठवड्यात शेवंता संपणार, हे पूनमला कळलं. ओव्हरटाइम होता, असं सांगता आलं असतं. पण चीर पडलेला भाग पुढं गेला तर तपासणारी दमली होती का, हे कुणी विचारत नाही. तिनं ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला, "सोमवारचा भाग रिजेक्ट. शेवंता परत मनमाडच्या गाडीत. रिवर्कला शुक्रवारपर्यंत टाइम द्या."

सोजराबाईचं उत्तर एका सेकंदाचं आलं. "बघू."

गुरुवारी सुट्टी. पूनम एसटीनं दौंडला गेली, प्लॅटफॉर्म तिकीट काढून मनमाडकडच्या गाडीपाशी थांबली. पेरूची पाटी घेऊन दारात बसलेल्या एका बाईला तिनं विचारून घेतलं: गर्दी कुठं कमी होते, पाणी कुठं मिळतं, एकटी बाई कुठं बसते. गाडी हलेपर्यंत उभ्यानंच वहीत उतरवलं. घरी येऊन भाग पुरा केला. त्याच्या पुढच्या दोन्ही वाटाही लिहिल्या, तेव्हाच वही मिटली.

शुक्रवारी शेवंताला मनमाडला बहीण सापडली. शिवणकामाच्या दुकानात होती, आणि घरी यायला तयार नव्हती. तिला घरी आणायचं, की राहू द्यायचं? संध्याकाळी एकतीसच्या एकतीस मतं पडली. "राहू दे" जिंकलं.

शनिवारी बसमध्ये तो भाग संपला, तशी सोजराबाई म्हणाली, "आता हरलेली वाट बी ऐकव."

"कशाला मावशी?"

"लिव्हलीस का ते बघायचंय."

पूनमनं वही उघडली. बसच्या आवाजावर आवाज चढवून वाचत गेली. त्या वाटेवर बहीण घरी आली, आणि आठ दिवस कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी आईनंच तिच्यासाठी जुनं शिवणयंत्र माळ्यावरून खाली काढलं. कारेगाव मागं पडलं तरी वाचन चालूच होतं.

कंपनीच्या गेटवर सोजराबाई उतरता उतरता थांबली.

"ही बी चालली असती. पर आमचीच बरी," ती म्हणाली. "आन् आज जरा लवकर टाक पुढचं. इचार कराया वेळ लागतो."