दारात उभी राहिलेली लाल गाडी

माझा दादा त्याच्या गाडीने मेला नाही.

हे एकदाच लिहून ठेवते. कारण आज वर्ष झालं आणि सकाळपासून त्याच्या मित्रांचे स्टेटस बघतेय. 'किंग ऑफ स्पीड.' 'वेगाने जगला, वेगाने गेला.'

काही वेगाने गेला नाही. पायी गेला. पायात स्लिपर होती आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरून तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला निघाला होता.

गाडी दारात उभी होती. पुसून ठेवलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव डोणगावच्या बाजूला. दादाचं कृषी केंद्र होतं, बी-बियाणं आणि खतांचं. तर या माणसाने पुण्याहून एक सेकंडहँड परदेशी गाडी आणली. लालभडक, दोन दारांची, आठ सिलिंडर, साडेचारशे हॉर्सपॉवर.

खोटं कशाला बोलू, मलाही आवडली होती.

एकदा तो मला नव्या महामार्गावर घेऊन गेला. "भेतं काय वं मने? घट्ट बस," म्हणाला आणि पाय दाबला. पाठ सीटला जी चिकटली! सासरची भांडणं, टोमणे, सगळं मागे टोलनाक्यावरच राहिलं. मी वेड्यासारखी हसत होते.

तो आवाज छातीत घुसतो हो. ज्याला जन्मभर कोणी 'तू कोण' म्हणून विचारलं नाही, त्याच्याकडे अख्खा बाजार वळून बघायला लागतो.

सुख एवढंच. बाकी नुसता ताप.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, मागच्या सीटवर बसूच शकले नाहीत, गुडघे दुमडेनात. आई एकदा बसली, तर तिला बाहेर काढायला दोन माणसं लागली. पेट्रोल एवढं प्यायची की वहिनी म्हणायची, "याच्यापक्षा सवत पुरली असती मले."

पावसाळ्यात शेताच्या वाटेवर मागची चाकं काळ्या मातीत जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी शेजाऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरने साखळी लावून ओढली.

एरवी गाडीच्या रील टाकणाऱ्या मित्रांनी तो व्हिडिओ मात्र कुठे टाकला नाही.

आणि चालायची कुठे? वरातीत. बँडच्या मागे, माणसाच्या चालीने. इंजिन तापून लाल दिवा लागायचा, तरी पोरं ओरडायची, "भाऊ, आवाज काढा!"

भाऊ काढायचा.

मग स्पीडब्रेकरचं प्रकरण झालं.

आमच्या घरासमोरच शाळा. लेकरं रस्ता ओलांडतात म्हणून आम्ही लहान असताना आप्पांनीच सगळ्यांच्या मागे लागून दारापुढे ब्रेकर करून घेतला होता. गाडीचं पोट त्यावर घासायचं.

"आप्पा, खालून ऑइलचं चेंबर फुटलं त इथं कोनापाशी नेऊ?"

"लेकरायचा रस्ता हाय तो. गाडी इक."

"गाडी नाही इकत."

एका सकाळी त्याने जेसीबी बोलावला. अर्ध्या तासात रस्ता सपाट. कोणी अडवलं नाही. ज्यांनी अडवायचं, त्यांच्याच पोरांच्या वराती या गाडीतून निघाल्या होत्या.

त्याचीही रील झाली. खाली नुसत्या आगीच्या इमोजी.

तेव्हापासून आप्पा शाळा भरताना आणि सुटताना काठी घेऊन रस्त्यात उभे राहायचे. एकाही लेकराला खरचटू दिलं नाही त्यांनी.

तो दिवस रविवार होता. शाळा नव्हती, म्हणून आप्पाही रस्त्यावर नव्हते.

दादा गाडी पुसून निघाला तो सरळ रस्त्यात. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही. सवयच नव्हती. लहानपणापासून आमच्या दारापुढे येऊन प्रत्येक गाडी हळू होताना पाहिलेली. सोयाबीनची पोती भरलेली पिकअप आली. ती कशाला हळू होईल?

रस्त्यावरून उचलला तेव्हा जीव होता त्याच्यात.

पण त्या लाल गाडीत त्याला आडवं ठेवायला जागा नव्हती. आणि चालवणार कोण? किल्ली त्याने कधी कोणाच्या हाती दिलीच नव्हती.

ज्या पिकअपने उडवलं तिच्यातच, सोयाबीनच्या पोत्यांवर टाकून त्याला मेहकरच्या दवाखान्याकडे नेलं. अर्ध्या वाटेत गेला.

जिल्ह्यातली सगळ्यात फास्ट गाडी दारातच होती.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एक खाली उतरेना. एकेकाने हात जोडून शब्द दिला. "तुह्या पोरीले शिकवू." "आप्पाले पाहू." काही नाही.

मग त्याचा एक मित्र म्हणाला, "भाऊचा जीव गाडीत गुतला. आवाज द्या."

आणि खरंच गाडी आणली! रविवारी जी कोणाला चालवता येत नव्हती, ती दहाव्याला बरोबर आली. वर रस्त्यावर उभी करून रेस केली. होते तेवढे कावळे उडून गेले.

मित्र तरी पिंडाला सांगतच होता, "भाऊ, गाडी नाही इकू देत आमी! शब्द हाय!"

तेव्हा वहिनी उठली. दहा दिवस ती एक शब्द बोलली नव्हती. पिंडासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"गाडी मी इकून टाकनार हाय. यायचं असन त या. नाही त उपाशी राहा."

आप्पांनी मान खाली घातली, पण तिला गप्प बस म्हणाले नाहीत.

कावळा आला नाही. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि आम्ही घरी आलो. वहिनी पंगतीत सगळ्यात आधी बसली. आप्पांनी स्वतःच्या हाताने तिला वाढलं.

गाडी त्याच महिन्यात गेली.

दादा, वर्षभर तुझ्यासाठी रडतेय आणि रडता रडता तुला शिव्या देतेय. दोन्ही थांबत नाही. तुझ्या बायकोने केलं ते बरोबर केलं, हे तुला आज सगळ्यांसमोर सांगते.

तुला श्रद्धांजली. अंगणात पान वाढून ठेवलंय.

या वेळी तरी जेवून जाजो.