बाकड्यापासून लांबची खुर्ची

त्या दिवशी मी नि माझी बायको ओट्यावर सुकेळी बांधत बसलो होतो. ती खुर्चीत, मी खाली. उन्हात वाळलेली केळी ती सुक्या पानात गुंडाळायची, मी दोरी आवळायचो.

"अहो, केळं बांधताय की बैल?" म्हणाली, हसली आणि शहारली. हात लावला तर अंग जरासं कोमट.

जरासंच. पण मी दोरी टाकून उठलो. आदल्या वर्षी तिच्या भावानं तिला आपली एक किडनी दिली होती. परकी किडनी अंगानं खाऊ नये म्हणून तिला रोज गोळ्या. मुंबईच्या डॉक्टरांनी मला अडाण्याला कळेल असं सांगितलेलं, "या गोळ्या अंगातलं राखणीचं कुत्रं झोपवून ठेवतात. चोर शिरला तरी भुंकणार नाही. थोडा ताप आला तरी मोठा समजा. खोकणाऱ्यांत हिला बसवू नका."

टांग्यानं तिला जवळच्या दवाखान्यात नेली. बाकडं खोकणाऱ्यांनी भरलेलं.

"नर्सबाई, हिला आधी आत घ्या. हिच्यात दुसऱ्याची किडनी आहे."

त्यांनी तिचे गाल बघितले. गोळ्यांनी तोंड गोल झालेलं. "बाई तर चांगली गरगरीत आहे की! ताप इथं सगळ्यांनाच आहे, काका. रांगेत बसा."

"रांगेत मरेल ती!"

"ओरडू नका."

हिनं माझा सदरा ओढला. "चारचौघांत भांडू नका. बसते मी."

तोंडाला पदर लावून बसली. शेजारचा म्हातारा खोकायचा, मी मधे उभा. डॉक्टरांनी बघितलं तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी लगेच मुंबईला धाडलं. तिथं तिची छाती भरली. भावाची किडनी चालत होती, तरी ही गेली.

बाकड्यानं मारली असं मी म्हणत नाही. चोर आधीच शिरला असेल. पण नर्सबाईंना कुत्र्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तिला जाळून आलो. दुसऱ्या सकाळी तिची खुर्ची उचलली. तिला किडनी दिलेला मेव्हणा दारात आडवा आला.

"भावोजी, सुतकात कुठं?"

"दवाखान्यात."

त्यानं खुर्चीला हात घातला. मग म्हणाला, "एक बाजू मी धरतो." नको म्हटलं, ऐकला नाही.

दवाखान्याच्या मागच्या पडवीत, बाकड्यापासून लांब, वारा येतो तिथं खुर्ची ठेवली. नर्सबाई बाहेर आल्या, मला बघून थबकल्या.

"हिच्यासारखं कुणी आलं तर इथं बसवा," मी म्हटलं. "आता तुम्ही बसा. एका कुत्र्याचं सांगायचंय."