बाईंचं स्टूल

आज बागेत एक तरुण आई लेकीसाठी साबणाचे फुगे उडवत होती. लेक फुग्यांकडे बघत होती आणि आई फक्त लेकीच्या चेहऱ्याकडे. ते दिसलं आणि मी बाकावरून उठलोच, कारण असं बघणारं माणूस मला आजवर एकच ठाऊक होतं: बी.एड.ला आम्हाला शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाई.

आमचे सराव पाठ बघायला बाकीचे प्राध्यापक वर्गात शेवटच्या बाकावर बसत. बाई मात्र फळ्याशेजारी स्टूल ओढून, शिकवणाऱ्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड करून बसायच्या. पहिल्या पाठानंतर मी फुरंगटून म्हणालो, "बाई, तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत."

"तुझा पाठ तिकडे खिडकीजवळच्या बाकावर चालला होता," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला अपूर्णांक कळला, तेव्हा तू फळा पुसत होतास. केवढं हुकलं तुझं!"

कळण्याचा तो क्षण किती लहान असतो, आणि चेहऱ्यावर केवढा मोठा दिसतो. मी लगबगीनं जाऊन त्या आईशेजारी, लेकीकडे तोंड करून उभा राहिलो.

"काका, फुगे तिकडे गेले," आई म्हणाली.

"जाऊ देत," मी म्हटलं. "इथून जास्त चांगले दिसतात."